मावशींच्या घरचं लाइटबिल आणि गॅस, इंदूरमधे मदत कशी करायची

बरेच लोक विचारतात की घरकाम करणाऱ्या मावशींना सोलर लावून देऊ का, तर माझं म्हणणं, आधी त्यांचं लाइटबिल मागून बघा. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे, महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असला की पहिल्या 100 युनिटचे फक्त 100 रुपये, वरच्यांना नेहमीचा रेट. पण 150 च्या पुढे गेलं की सगळ्याच युनिटना नेहमीचा रेट लागतो, त्यामुळे 155 वाल्याला एकदम मोठं बिल येतं आणि त्याला कळतही नाही का आलं ते.

म्हणून पंखा बघा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, रोज पंधरा तास चालला तर महिन्याला 34 युनिट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 वॅटच्या आसपास म्हणजे 13-14 युनिट. एका पंख्यात वीस युनिट वाचतात! दिवाळीला साडीऐवजी हाच द्या, खरंच. 60 वॅटचे पिवळे बल्ब असतील तर 9 वॅटचे एलईडी लावून द्या.

आता भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं जरा अवघड आहे, तिथे घरमालक सबमीटर, म्हणजे आपल्या मीटरच्या पुढे स्वतःचा छोटा मीटर, लावून मनाचा रेट घेतो आणि सवलत भाडेकरूपर्यंत पोचतच नाही. तिथे मालकाशी आपण जाऊन बोलावं, मावशींना एकटीला पाठवू नये, वेगळ्या मीटरला तो संमती देतो का विचारावं. वीज कंपनीचा नंबर 1912, त्यांचं ऊर्जस अ‍ॅपही आहे.

गॅसचं म्हणाल तर केंद्राच्या उज्ज्वला योजनेमधे कनेक्शन घरातल्या 18 वर्षांवरच्या बाईच्या नावाने, घरात दुसरं कनेक्शन नको. शेगडी आणि पहिला सिलिंडर फुकट. बाहेरगावहून आलेल्यांकडे रेशनकार्ड किंवा पत्त्याचा पुरावा नसेल तर स्वतःचं घोषणापत्र चालतं, हे एजन्सीवाले आपणहून सांगतीलच असं नाही, तुम्ही विचारा. पण कनेक्शन मिळून सुद्धा चूल पेटतेच, कारण रिफिलचे पैसे एकरकमी निघत नाहीत. म्हणून 5 किलोचा छोटा सिलिंडर मागा, आणि आधारचं ई-केवायसी (ओळखीची पडताळणी) झालंय का बघा, नाहीतर सबसिडी अडकते. गळतीसाठी 1906 त्यांच्या फोनमधे सेव्ह करून द्या.

सोलर शेवटी, तेही घर स्वतःचं, छत पक्कं आणि बिल मोठं असेल तरच. एक किलोवॅटला शंभरेक स्क्वेअर फूट बिनसावलीची जागा लागते, दिवसाला चारेक युनिट मिळतात. केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेमधे 1 किलोवॅटला 30,000 सबसिडी आहे, दोनला 60,000, तीन किंवा जास्तला 78,000, पण ती पॅनल बसल्यावर खात्यात येते, आधीचे पैसे बँकेच्या लोनने उभे करावे लागतात. ज्याचं बिलच शंभर रुपये येतं त्याच्या गळ्यात हे लोन घालू नका. अर्ज या योजनेच्या नॅशनल पोर्टलवरच करा, दारावर आलेल्या एजंटला कॅश देऊ नका.