खाणीखालच्या ओहोळाची नोंद कशी ठेवावी

सप्टेंबर २०१६ मध्ये रशियातील नोरिल्स्कजवळची दाल्दिकान नदी लाल झाली, तेव्हा तेथील निकेल कंपनीने आधी प्रदूषण नाकारले. रहिवाशांची छायाचित्रे पसरल्यावर मात्र मुसळधार पावसात कारखान्याच्या बांधावरून पाणी ओसंडल्याचे तिने मान्य केले. गोव्यात डिचोली, सत्तरी किंवा सांगे येथे डंपखाली, म्हणजे खाणीतील टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याखाली, शेत असणाऱ्यांनी म्हणूनच पुरावा स्वतः जमवावा.

ओहोळावर डंपच्या वरची आणि खालची अशा दोन जागा पक्क्या करून पहिल्या पावसाआधीच छायाचित्रे घ्यावीत, कारण मूळ रंग ठाऊक नसेल तर नंतरची तुलना फोल ठरते. मोठ्या सरीनंतर दोन्हीकडचे पाणी सारख्या पारदर्शक बाटल्यांत भरावे, रात्रभर स्थिर ठेवून तळाच्या गाळाचा थर पट्टीने मोजावा आणि तारीख व वेळ लिहावी. पूर असताना ओहोळात उतरू नये.

गोव्याचे खनिज लोहाचे ऑक्साइड असल्याने येथे मुख्य त्रास गाळाचा आहे. नोरिल्स्कचे खनिज गंधकयुक्त असल्याने तेथे आम्ल आणि निकेल-तांब्याची भर पडते. तरीही नितळ पाणी शुद्धच असे मानू नये. धातूंची तपासणी प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी. नोंदी जोडलेला लेखी अर्ज पंचायतीला व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावा आणि पोच जपून ठेवावी.