कर्नेलला कुलूप घालताना मेमरी काढायची वाट मोकळी ठेवा

इंदूरच्या सियागंजातल्या घाऊक दुकानाचं बिलिंग असो की सुपर कॉरिडॉरवरच्या छोट्या ऑफिसातलं ॲप, लिनक्स सर्व्हर एकदा बसवला की त्याच्या कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, सहसा कुणी फिरकत नाही. म्हणून आधी अपडेट, मग रीबूट, आणि सेटिंग त्यानंतर. 2022 मध्ये उघड झालेलं डर्टी पाइपचं भगदाड 5.8 पासूनच्या कर्नेलमध्ये होतं, ते 5.16.11, 5.15.25 आणि 5.10.102 मध्ये बुजवलं गेलं. पॅकेज नवं आलं तरी रीबूट होईपर्यंत जुनंच कर्नेल चालू राहतं. दुकानं बंद झाल्यावर रात्री रीबूट करा आणि ‘यूनेम -आर’ (चालू कर्नेलची आवृत्ती दाखवणारी कमांड) काय म्हणतं ते बघा.

मग सिसकंट्रोलची (कर्नेलची सेटिंग बदलायची सोय) वेगळी फाइल करा. केपीटीआर_रिस्ट्रिक्ट 2 आणि डीमेसेज_रिस्ट्रिक्ट 1 केलं की कर्नेलचे पत्ते साध्या युजरच्या हाती सहजी लागत नाहीत. अनप्रिव्हिलेज्ड_बीपीएफ_डिसेबल्ड 1 आणि यामाचा पीट्रेस_स्कोप 1 हेही घाला: पहिल्याने साध्या युजरला कर्नेलमध्ये बीपीएफ प्रोग्रॅम चढवता येत नाहीत, दुसऱ्याने एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत सहजी डोकावता येत नाही. मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस 0 केल्यावर रूटलेस कंटेनर (रूट या सर्वाधिकारी युजरशिवाय चालणारे) मात्र बंद पडतात. ते वापरात असतील तर त्याला हात लावू नका.

खरी गोम मॉड्यूल्स_डिसेबल्डमध्ये आहे. ते 1 केलं की रीबूटशिवाय एकही नवं मॉड्यूल (कर्नेलला जोडायचा कोडचा तुकडा) चढत नाही, रूटलासुद्धा नाही. ही ओळ सिसकंट्रोलच्या फाइलीत टाकली तर ती बूटच्या सुरुवातीलाच लागू होते. फायरवॉलची मॉड्यूल्स तोवर चढलेली नसतील तर फायरवॉल उठतच नाही. त्यापेक्षा लागणारी मॉड्यूल्स मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये (बूटच्या वेळी चढवायच्या मॉड्यूल्सची यादी) लिहा आणि हे सेटिंग सगळ्यात शेवटी चालणाऱ्या सिस्टमडी (बूटच्या वेळी सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिसमधून लावा. यूएसबी_स्टोरेज आणि एक्सफॅट त्या यादीत हवेतच. का, ते पुढे येतंय.

कुणी सर्व्हरमध्ये घुसल्याचा संशय आला की दुकानातला माणूस आधी स्विच बंद करतो, आणि मेमरीतला पुरावा तिथेच जातो. मुनीमजींना आधीच सांगून ठेवा: नेटची केबल काढायची, वीज चालू ठेवायची. मशीन केव्हीएमवर (म्हणजे दुसऱ्या संगणकात चालणारं व्हर्च्युअल मशीन) असेल तर होस्टवरून, म्हणजे त्या मूळ संगणकावरून, ‘वर्श डंप’ला ‘मेमरी-ओन्ली’ जोडून मेमरी उतरवा. पाहुण्या मशीनमधल्या रूटकिटला (कर्नेलमध्ये लपून बसणारं घुसखोराचं सॉफ्टवेअर) पत्ता लागत नाही. मशीन खरंखुरं असेल तर मेमरी उतरवणारं लाइम हे मॉड्यूल असल्यामुळे तुम्हीच घातलेल्या कुलपापुढे अडतं. उरतं एव्हीएमएल हे टूल, जे केकोर (मेमरी दाखवणारी कर्नेलची फाइल) वाचतं. पण लॉकडाउन (रूटलाही कर्नेलपासून दूर ठेवणारी कर्नेलची सोय) ‘कॉन्फिडेन्शियॅलिटी’ या कडक पातळीवर असेल तर केकोरही बंद. म्हणून आम्ही ‘इंटेग्रिटी’वरच थांबा असं सांगू. डंप, म्हणजे उतरवलेल्या मेमरीची फाइल, त्याच डिस्कवर टाकू नका, पुसलेल्या फाइलींवर तो चढून बसतो. पेनड्राइव्ह एक्सफॅटचा घ्या: फॅट32 वर 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही, 16 जीबीचा डंप मध्येच तुटतो. डंप तपासणाऱ्या व्होलॅटिलिटी या टूलला नेमक्या त्याच कर्नेलचा सिंबॉल टेबल (मेमरीत काय कुठे आहे त्याचा नकाशा) लागतो. तो ड्वार्फ2जेसनने प्रत्येक कर्नेल अपडेटबरोबर बनवून दुसऱ्या मशीनवर ठेवा. आणि ही सगळी कसरत एकदा शांततेच्या दिवशी करून बघा.

डंप हातात आला की चालू मशीनकडे वळा. कर्नेलच्या ‘टेंटेड’चा (कर्नेलमध्ये परकं काही शिरल्याची खूण) आकडा 12288 दिसला तर तो 4096 अधिक 8192, म्हणजे बाहेरचं आणि सही नसलेलं मॉड्यूल. डीकेएमएसमुळेही (बाहेरचे ड्रायव्हर आपोआप बांधणारी सोय) हा आकडा येऊ शकतो, त्यामुळे मशीन धडधाकट असतानाचा आकडा वहीत हवा. ‘एलएसमॉड’ची यादी (चढलेली मॉड्यूल्स) आणि सिस/मॉड्यूल हा फोल्डर ताडून पाहा: कर्नेलमध्येच बांधलेल्या मॉड्यूलच्या फोल्डरात ‘इनिटस्टेट’ नसतं. ते असूनही यादीत नाव नसेल तर कुणीतरी लपवलंय. हुशार रूटकिट दोन्हीकडून नाव पुसतं, तेव्हा डंपवर व्होलॅटिलिटीचं ‘हिडन_मॉड्यूल्स’ चालवा.

रूटकिट सापडलं तर साफसफाईच्या नादी न लागता कोरं इन्स्टॉल करा. सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी सरकारी यंत्रणा) 6 तासांत कळवावं लागतं आणि 180 दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. ते दुसऱ्या मशीनवर जात असतील तरच त्यांच्यावर विश्वास ठेवता येईल.