दिव्यांग कक्षाचं काम हाती घेताना: सातारा-सांगलीतल्या समन्वयकांसाठी

महाविद्यालयात दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या दिव्यांग कक्षाचं समन्वयकपद बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे वर्गाच्या कामाशिवायचं काम म्हणून येतं. आदेश हातात पडला की पहिला विचार रॅम्पचा येतो. रॅम्प लागतोच, पण सुरुवात तिथून करू नका. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत वर्ष जातं आणि तोवर एक तुकडी दोन सत्रांच्या परीक्षा देऊन बसते. आधी विद्यार्थ्यांची यादी, परीक्षा आणि कागदपत्रं धरा. त्यांना पैसा थोडा लागतो. विद्यार्थ्याला तीच गोष्ट दर सत्रात, दर शिक्षकापुढे नव्यानं मागावी लागत नाही, हे कक्ष नीट चालल्याचं खरं लक्षण.

आदेश स्वीकारण्याआधी त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: परीक्षा विभागाला थेट पत्र देण्याचा अधिकार, वेळापत्रक समितीत जागा आणि कक्षासाठी स्वतंत्र खर्चशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात कक्षाच्या खर्चाची वेगळी नोंद. खर्चशीर्ष नसेल तर लेखनिकाच्या (विद्यार्थी सांगेल ते परीक्षेत लिहून देणाऱ्याच्या) मानधनाची फाईलसुद्धा चार टेबलं फिरते.

यादी

प्रवेश अर्जात 'दिव्यांग: होय/नाही' एवढाच रकाना असेल तर तो पुरत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि सिकल सेलही येतात. यातल्या अनेकांना आपण या यादीत बसतो हेच ठाऊक नसतं. म्हणून अर्जात साधा प्रश्न ठेवा: 'वाचणं, लिहिणं, ऐकणं, चालणं, बसून राहणं किंवा लक्ष टिकवणं यांत अडचण येते का? काय सोय हवी?' शासकीय आणि अनुदानित संस्थांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयात ५ वर्षांची सवलत असते. ही माहिती प्रवेशाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावा.

प्रमाणपत्र नसलेल्याला परत पाठवू नका. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर त्याचा यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज कक्षातच भरून द्या आणि पावतीची प्रत ठेवा. तपासणीसाठी साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय किंवा सांगली-मिरजेतली शासकीय रुग्णालयं आहेत. अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांना फेऱ्या फार पडतात. तोवर कक्षाच्या पत्रावर वर्गातल्या आणि अंतर्गत परीक्षेच्या सोयी सुरू करा.

शिक्षकांना जे पत्र जाईल त्यात फक्त सोय लिहा: 'पहिल्या बाकावर जागा', 'टिपणं आधी द्यावीत', 'मध्येच बाहेर जाण्याची मुभा'. आजाराचं नाव लिहू नका. मानसिक आजाराचं नाव एकदा स्टाफरूममध्ये पोचलं की तो विद्यार्थी पुन्हा कक्षाची पायरी चढत नाही.

परीक्षा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक न घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यालाही हा वेळ मिळतो. केंद्रावर हेच नेमकं नाकारलं जातं. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व आहे पण लिहिण्यात अडचण आहे, अशांचा लेखनिक घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार प्रकरणात मान्य केला. त्यांना विहित नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. या विषयाच्या मार्गदर्शक सूचना बदलत असतात, म्हणून दर सत्राला ताजी प्रत परीक्षा विभागाकडून मागून घ्या.

लेखनिकांची फळी कक्षानं स्वतः उभी करावी. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षासाठी अकरावी-बारावीची मुलं शोधली जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची स्वतःची परीक्षा असते आणि ऐन वेळी कोणी सापडत नाही. दहा विद्यार्थी असतील तर पंधरा लेखनिकांची नावं ठेवा. इंग्रजी, मराठी आणि गणित लिहू शकणारे वेगवेगळे नोंदवा. लेखनिक आणि विद्यार्थी यांची भेट पेपरच्या दोन दिवस आधी घडवा, कारण सांगण्याचा आणि लिहिण्याचा वेग जुळायला तेवढा सराव लागतो. सूत्रं, स्वल्पविराम, परिच्छेद कसे सांगायचे हे दोघांनी तेव्हाच ठरवावं.

खोली तळमजल्यावर आणि वेगळी हवी. बोलून लिहून घेणाऱ्याला इतरांसोबत बसवलं तर दोन्हीकडे त्रास. पर्यवेक्षकाच्या हातात जादा वेळेचं लेखी पत्र द्या. नाहीतर मूळ वेळेची घंटा झाली की उत्तरपत्रिका ओढून घेतली जाते.

आणि एसटी. दुपारचा पेपर साडेपाचला संपायचा तो जादा वेळेमुळे साडेसहाला संपतो. जत, आटपाडी, पाटण किंवा जावळीच्या आतल्या गावाला जाणाऱ्याची गाडी तोवर निघून जाते. गोपनीयतेमुळे पेपर आधी सुरू करता येत नाही. म्हणून अशा विद्यार्थ्यांची वसतिगृहात परीक्षेपुरती मुक्कामाची सोय अर्ज भरतानाच नोंदवा. हे न केल्यानं मुलं जादा वेळ सोडून उठतात आणि नोंदीत मात्र 'सुविधा दिली' असं दिसतं.

मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका म्हणजे ए-थ्रीवर काढलेली झेरॉक्स नव्हे. तो कागद बाकावर मावत नाही आणि अक्षरं फुटतात. १८ पॉइंटमध्ये नव्यानं जुळवून ए-फोरवर छापा.

कागदपत्रं

मराठी संस्थांची खास अडचण फाँटची आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या आत रोमन अक्षरं आणि खुणा साठवलेल्या असतात. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर त्या खुणाच वाचतो आणि ऐकणाऱ्याला काही अर्थ लागत नाही. तपासायला एक मिनिट पुरतं: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा. मराठी आलं तर युनिकोड आहे, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी म्हणूनच वाचला जाणारा मजकूर. भलतीच अक्षरं आली तर जुना फाँट. ओळ निवडताच येत नसेल तर तो नुसता फोटो आहे.

नव्या सगळ्या सूचना, अभ्यासक्रम आणि वेळापत्रकं युनिकोडमध्येच टंकायची, असं परिपत्रक कुलसचिव किंवा प्राचार्यांच्या सहीनं काढून घ्या. सही-शिक्क्यासाठी छापून स्कॅन करावंच लागतं, तेव्हा संकेतस्थळावर स्कॅनसोबत मूळ मजकुराची फाईलही चढवा. जुनं साहित्य जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढलं तर रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून प्रत्येक पान एकदा डोळ्यांखालून घाला. पुस्तकं दिव्यांगांना वाचता येतील अशा रूपात आणायला २०१२ पासून प्रताधिकार कायद्यात मोकळीक आहे. ग्रंथपाल कचरत असतील तर कलम ५२ दाखवा. सुगम्य पुस्तकालय या दिव्यांगांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात आधीच असलेलं पुस्तक पुन्हा स्कॅन करण्यात वेळ घालवू नका.

ऐकू न येणाऱ्यांसाठी शिक्षकांना एकच सवय लावायची: फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. ओठ दिसले पाहिजेत. ज्यांना भारतीय सांकेतिक भाषा येते त्यांच्यासाठी दुभाषी लागतोच, त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

इमारत

पहिला उपाय वेळापत्रक. व्हीलचेअर वापरणारी मुलगी ज्या वर्गात आहे तो वर्ग तळमजल्यावर आणा. जूनमध्ये हे एका बैठकीत होतं, ऑगस्टमध्ये होत नाही.

रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. १५० मिमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिमी उंची, तिला ५.४ मीटर लांबी लागते. ठेकेदार तीन मीटरमध्ये उरकतात, आणि त्या उतारावर ढकलणाऱ्यालाही खुर्ची आवरत नाही. मोजायची सोपी रीत: १२०० मिमी लांबीची लेव्हलपट्टी उतारावर ठेवा, खालचं टोक उचलून बुडबुडा मध्यावर आणा. पट्टीच्या त्या टोकाखाली १०० मिमीपेक्षा जास्त अंतर पडलं तर रॅम्प नापास, बिल मंजूर करू नका. रुंदी किमान १२०० मिमी, दोन्ही बाजूंना दोन उंचीचे कठडे, लांब रॅम्पवर दर ९ मीटरला सपाट टप्पा आणि वर दारापाशी १५०० मिमी मोकळी सपाट जागा. ही जागा नसेल तर दार उघडताना खुर्ची मागं घरंगळते.

पृष्ठभाग खडबडीत हवा. साताऱ्याच्या जुलैतल्या पावसात गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरतं आणि कुबडी सटकते. मेअखेर आणि पावसात दर पंधरवड्याला तारेच्या ब्रशनं घासून घ्या. पायथ्याशी पाण्याची जाळी असेल तर तिच्या फटी वाटेला आडव्या आणि १२ मिमीच्या आत असाव्यात, नाहीतर पुढचं छोटं चाक अडकतं.

स्वच्छतागृह आतून किमान २२०० गुणिले २००० मिमी, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, मोकळी रुंदी ९०० मिमी. कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी उंच. भिंतीकडे पक्का आधारदांडा, मोकळ्या बाजूला दुमडणारा. बांधून झाल्यावर त्यात झाडू, बादल्या आणि तुटक्या खुर्च्या साठतात आणि किल्ली शिपायाकडे राहते. कुलूप काढूनच टाका. दर सोमवारी स्वतः जाऊन पाहा.

सांगलीत आणखी एक काम आहे. तळमजल्याची सोय करताना २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या वसतिगृहातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना ३५ फुटांनाच हलवायचं असं लेखी ठरवा, कारण रस्त्यावर पाणी आल्यावर बॅटरीची खुर्ची हलवता येत नाही. कोणाला कोण नेणार, गाडी कोणाची, औषधं आणि चार्जर कुठं, ही यादी जूनमध्ये वसतिगृहप्रमुखाच्या टेबलावर लावा आणि एक प्रत पहारेकऱ्याकडे द्या. ब्रेल प्रिंटर आणि मूळ फायली वरच्या मजल्यावर ठेवा, विद्यार्थ्यांची यादी मात्र तुमच्या फोनमध्येही असू द्या.