नक्षीदार जुन्या पिस्तुलाचं मूळ शोधताना या चुका टाळा

चांदीनं मढवलेलं, वेलबुट्टीचं जुनं पिस्तूल समोर आलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो 'शिवकालीन'. फारच संकोच वाटला तर 'पेशवेकालीन'. दोन्हींच्या आधी घोडा, म्हणजे चाप ओढला की पुढे पडणारा भाग, कशावर आपटतो ते बघा. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरायचा जबडा असेल आणि समोर पोलादाचं उभं पातं असेल, तर ते चकमकी पिस्तूल. घोडा बोथट नाकाचा असून नळीच्या मागच्या टोकाशी बारीक बोंडावर बसत असेल, तर ते टोपीचं. त्या बोंडावर बसणाऱ्या, घोडा पडला की ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या टोप्या 1820 च्या सुमारास वापरात येऊ लागल्या. महाराज 1680 मध्ये गेले, पेशवाई 1818 मध्ये बुडाली. पुढे बोलायला फारसं काही उरत नाही.

एक पळवाट मात्र आहे. टोप्या आल्यावर असंख्य चकमकी हत्यारं बदलून घेतली गेली. लॉकच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली, किंवा नळीच्या कुशीत नंतर पिळून बसवलेला छोटा पिंपासारखा तुकडा दिसला, तर पिस्तूल मूळचं चकमकी आणि टोपी मागाहून आलेली. असा नमुना दिसतो त्यापेक्षा जुना असू शकतो.

नक्षीवरून गाव ठरवणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण नक्षी सगळ्यात आधी डोळ्यांत भरते आणि बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी चढलेली असते. 18 व्या-19 व्या शतकातल्या उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यातलं, बाल्कन भागातलं पिस्तूल घ्या. नळी उत्तर इटलीतल्या ब्रेशियाकडची, लॉक बाहेरून आलेलं किंवा त्याची स्थानिक नक्कल, जोडणी बाल्कनमधल्या एखाद्या बाजारपेठेत आणि वरचं चांदीकाम तिथल्या सोनाराचं. आता याचं 'मूळ' कुठलं? म्हणून प्रश्न चार विचारायचे आणि वेगवेगळे विचारायचे: नळी कुठली, लॉक कुठलं, दस्ता कुणी बसवला, नक्षी कुणाची. चारही उत्तरं एकाच गावाची आली तर मी उलट पुन्हा एकदा तपासून बघतो.

नळीवरच्या नावाला तर भुलूच नका. ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल त्रोंपिया इथल्या कोमिनाझ्झो घराण्याच्या नळ्या 17 व्या शतकात युरोपभर नावाजलेल्या होत्या. 'लाझारिनो कोमिनाझ्झो' हे नाव इतकं खपायचं की पुढे ते कुणीही कोरू लागलं. भिंग लावून अक्षरं वाचा. एखादं उलटं, एखादं गाळलेलं, शेवटी शेवटी नुसत्या काड्यांची रांग असेल, तर कोरणाऱ्याला रोमन लिपी येत नव्हती, तो फक्त आकार उतरवत होता. अशा खोट्या नावातून खरी माहिती मिळते ती एवढीच, की कोरणारा बहुधा इटलीबाहेरचा. 'लंडन' या अक्षरांचंही तेच. खऱ्या लंडनच्या मालावर नावासोबत नळीच्या मजबुतीच्या परीक्षेचे तिथले शिक्के असतात. नुसतं नाव आणि शिक्का नाही, तर संशय घ्यायला हरकत नाही.

सगळं धातूचं म्हणून स्कॉटिश

लाकूड अजिबात न दिसणारी पिस्तुलं दोन ठिकाणची हमखास एकमेकांच्या नावावर खपतात. स्कॉटलंडमधलं डून हे छोटं गाव अशा पिस्तुलांसाठी प्रसिद्ध. कॅडेल घराण्यानं 1646 मध्ये तिथे हा धंदा सुरू केला. दस्त्याच्या टोकाला मेंढ्याच्या शिंगांसारखी दोन वळणं, चापाच्या जागी छोटा गोल मणी, त्याच्याभोवती संरक्षक कडी नाही, आणि नळीखाली दारू-गोळी ठासायचा खराखुरा गज. दुसरीकडे अल्बानिया-एपिरस पट्ट्यातलं पिस्तूल, संग्राहकांच्या भाषेत 'रॅटटेल': दस्ता शेपटीसारखा निमुळता होत जातो, टोकाला बोंड, चापाभोवती कडी असते आणि नळीखालचा गज बहुतेकदा नुसता दिखाऊ. तो ओढून बघू नका, निघणार नाही. खरा गज मालक कमरेला वेगळा अडकवायचा.

मण्यासारखा चाप आणि नसलेली कडी कॉकेशसच्या पिस्तुलांतही असते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. कॉकेशसचं पिस्तूल सडपातळ, दस्ता बहुधा काळ्या चामड्यात मढवलेला, टोकाला गोल बोंड, चांदीवर काळ्या रेघांची नक्षी. चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांच्या मिश्रणानं कोरलेल्या रेघा भरून हा काळा रंग आणतात. दागेस्तानातलं कुबाची हे गाव या कामासाठी नावाजलेलं. लॉकची मोठी कमान पट्टीच्या बाहेर दिसते. त्या रचनेला मिकेले म्हणतात आणि पुष्कळ जण ती बघून थेट स्पेन लिहून मोकळे होतात. स्पेनमध्ये ती होतीच, पण दक्षिण इटली, उस्मानी मुलूख आणि कॉकेशसमध्येही होती.

आकडे आपल्या डोळ्यांनी वाचणं

अरबी-फारसी आकड्यांत मराठी वाचकाची खास पंचाईत होते. तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि नऊ थेट आपल्या एकासारखा. हे तीन सांभाळले की सन बरोबर लागतो. मग हिजरीचा इसवी करायचा. सनाला 0.97 नं गुणा आणि 622 मिळवा. 1228 चं उत्तर 1813 येतं.

टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या वस्तूंवर हे गणित चालवू नका. त्याचा मौलूदी सन वेगळा, शिवाय त्यातले आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले असत. मौलूदी 1222 म्हणजे साधारण 1794. तोच हिजरी धरला तर 1807 येतं, आणि टिपू 1799 मध्येच मारला गेला.

शिक्क्यांमध्ये बेल्जियमचा लिएज लक्षात ठेवा, कारण तिथून जगभर माल गेला. लंबगोलात 'ई एल जी' ही रोमन अक्षरं असतात. वर मुकुट असेल तर शिक्का 1893 नंतरचा, मग नक्षी कितीही पुरातन दिसो. बर्मिंगहॅमचं सरकारमान्य परीक्षागृह 1813 चं. आपल्याकडच्या हत्यारांवर चार भागांचं हृदय आणि त्यात अक्षरं सापडतात, तो ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का. 1808 च्या सुमारास त्याची जागा उभ्या सिंहानं घेतली.

घासूनपुसून लख्ख करणं

चिंच, राख, भांड्यांची पावडर, काहीही नको. पोलादावरची सोन्याची कोफ्तगारी ही भरलेली नसते, चढवलेली असते: आधी पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून तो खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. झिजलेल्या जागी भिंगाखाली त्या जाळीदार रेघा स्पष्ट दिसतात, आणि त्याच तुमचा पुरावा. तहनिशानमध्ये आधी खाच कोरून तिच्यात सोनं बसवतात, तिथे झिजेखाली जाळी नसते. एकदा घासलं की सोनंही जातं आणि हा फरकही. पाहायचंच असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात तलवारींच्या मुठी निवांत न्याहाळा, डोळा तयार होतो.

बाजारातला नवा माल ओळखणं तुलनेनं सोपं. कान, म्हणजे नळीतल्या दारूपर्यंत ठिणगी पोचवणारं छिद्र, पाडलेलंच नाही, पोलादी पात्यावर गारगोटीचा एकही ओरखडा नाही, नळी म्हणजे शिवण असलेला पाइप, आणि या सगळ्यावर हाडाचे तुकडे व पितळी तार यांची रेलचेल. दिवाणखान्यात शोभतं, किंमत मात्र शोभेचीच द्या.

हातात घेण्याआधी

तोंडाकडून भरायची हत्यारं शतकभर भरलेलीच राहिलेली सापडतात. तोंड कायम निर्जन दिशेला ठेवा, घोडा आणि चापाला हात लावू नका. नळीच्या समोर न येता बाजूनं लाकडी काडी अडेपर्यंत आत सरकवा, तोंडाशी खूण करा, काडी बाहेर काढून तीच लांबी नळीच्या बाहेरून कानापर्यंत मोजा. काडी दोन-तीन सेंटिमीटर आधीच अडली असेल तर आत दारू-गोळी असू शकते. ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचं, घरात उकरायचं नाही.

कायद्याचंही बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्या धाटणीच्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ती चालणार नसतील तरच. 'जुनं आहे' एवढं पुरत नाही, म्हणून घेण्याआधी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट द्यायचा बेत असेल तर तो तिथेच सोडा.