डाळिंबाच्या रंगावर चालणारा सौर सेल: रंग काचेवर धरायला हवा

सोलापुरात चादरीचं सूत रंगवणाऱ्याला विचारा. रंग गडद असणं वेगळं आणि रंग धरणं वेगळं, हे तो लगेच सांगेल. रंगावर चालणाऱ्या सौर सेलचंही नेमकं तेच आहे. ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या सेलमध्ये रंगाचा रेणू प्रकाश शोषून आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणाला देतो आणि सुटलेली जागा आयोडाइडकडून भरून घेतो. पण कणाला घट्ट चिकटलेला रेणूच इलेक्ट्रॉन देऊ शकतो. नुसता आजूबाजूला तरंगणारा रंग फक्त ऊन अडवतो.

डाळिंबाच्या दाण्यातल्या सायनिडिन आणि डेल्फिनिडिन या रंगद्रव्यांवर शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट असतात, ते टायटॅनियमला चिमट्यासारखे पकडतात. सुताचे रिअॅक्टिव्ह रंग कापसाला धरण्यासाठी बनवलेले असतात. ते इथे बहुतेक वेळा धुऊनच जातात, म्हणून डाईंगवाल्याकडून पुडी आणू नका. भगवा जातीचं एक पिकलं फळ पुरे. गणेशचे दाणे फिके, रंग कमी. फक्त दाणे घ्या, साल नको: सालीत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, आणि लोखंडाचा जरा स्पर्श झाला की रस काळा पडतो. त्याच कारणाने लोखंडी भांडं आणि बोअरचं पाणी दूर ठेवा. रस मलमलच्या कापडातून दोनदा गाळा.

एफटीओच्या, म्हणजे एका बाजूला फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असलेल्या, दोन काचा घ्या, १० ते १५ ओहम प्रति चौरस रोधाच्या. आयटीओ (इंडियम-टिन ऑक्साइडची) काच भट्टीत तापली की तिचा रोध वाढतो. कोणती बाजू वाहक आहे ते मल्टिमीटरने ओहमवर ठेवून बघा, कारण पहिली चूक इथेच होते. टायटॅनियम डायऑक्साइडची (पुढे नुसतं टायटॅनियम) पूड नॅनो आकाराची, २० ते २५ नॅनोमीटरची हवी. रंगाच्या दुकानातला पांढरा टायटॅनियम दहापट जाड कणांचा असतो, त्यावर रंगाला बसायला जागाच उरत नाही.

१ मिलि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये १९ मिलि डिस्टिल्ड वॉटर मिसळा. ३ ग्रॅम पूड खलात घेऊन हे पाणी अर्धा-अर्धा मिलि करत एकूण साडेचार मिलि घाला, दर वेळी चांगलं घोटा. अर्धा तास तरी लागतोच. घाई केली तर गुठळ्या राहतात आणि थराला भेगा पडतात. शेवटी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब हलक्या हाताने मिसळा, फेस होऊ देऊ नका. १५ मिनिटं झाकून ठेवा. पूड तोंडा-नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

काचेच्या वाहक बाजूच्या तीन कडांवर साधी सेलोटेप लावा, एका कडेला ५ मिलिमीटर पट्टी मल्टिमीटरच्या क्लिपसाठी मोकळी राहील अशी. मधे तीन थेंब पेस्ट टाकून काचेच्या कांडीने एकाच ओढीत पसरा. टेपची जाडी हीच थराची जाडी. दोन टेप एकावर एक लावल्या तर वाळताना थर सोलून निघतो. टेप काढून ४५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली मफल भट्टी याला उत्तम. तापमान मिनिटाला ५ ते १० अंश वाढवा, ५०० च्या वर नेऊ नका, आणि काच भट्टीतच थंड होऊ द्या. थर आधी तपकिरी, मग पुन्हा पांढरा होतो. तपकिरीच राहिला तर साबण जळलेला नाही, आणखी भाजा.

काच ७० अंशांच्या आसपास आली की रसात बुडवा. गार झालेला थर हवेतली ओल शोषतो. १५ मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, नाहीतर रसातली साखर तशीच राहते. आता खरी परीक्षा: रस लाल आहे, पण थर जांभळा दिसला पाहिजे. ते जांभळेपण म्हणजे रंग टायटॅनियमला धरल्याची खूण. काचेमागून पांढरं डोकावत असेल तर परत बुडवा.

दुसऱ्या काचेच्या वाहक बाजूवर मऊ पेन्सिलने ग्रॅफाइट घासा. १० मिलि एथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१२७ ग्रॅम आयोडीन विरघळवा. हे द्रव विषारी आहे, हातमोजे घाला. दोन्ही काचा समोरासमोर, थोड्या सरकवून बाइंडर क्लिपने धरा आणि कडेला दोन-तीन थेंब सोडा. द्रव आपोआप आत ओढलं जातं. मल्टिमीटरच्या क्लिप लावायच्या कडा पुसून कोरड्या करा.

उजेड टायटॅनियमच्या बाजूने द्या, कारण आयोडीनचा तपकिरी रंग मधेच प्रकाश खातो. ऋण टोक हीच बाजू. दुपारच्या उन्हात ०.३ ते ०.५ व्होल्ट आणि चौरस सेंटिमीटरला साधारण १ मिलिअँपिअरच्या आतबाहेर मिळावं. शून्य आलं तर काच उलटी लागली आहे किंवा दोन्ही काचा एकमेकींना टेकल्या आहेत. व्होल्टेज ठीक पण प्रवाह नगण्य असेल तर रंग धरलेला नाही.

पण फसू नका: न रंगवलेला टायटॅनियमही अतिनील किरणांवर थोडी वीज देतो. म्हणून एक बिनरंगाचा सेल शेजारी ठेवा, किंवा दोन्हीवर अतिनील किरण अडवणारा पॉलिकार्बोनेटचा पत्रा धरून मोजा. दोघांमधला फरक तेवढा डाळिंबाचा. मे महिन्याच्या उन्हात काही दिवसांतच रंग उडू लागतो, तेव्हा मोजमाप पहिल्याच दिवशी उरकून घ्या.