लोकसभेत बिल पास झालं म्हणजे कायदा झाला का? बिल कुठपर्यंत पोचलंय ते असं बघा

टीव्हीवर "लोकसभेत विधेयक मंजूर" अशी पट्टी आली की लगेच ग्रुपवर कायदा झाला म्हणून मेसेज फिरतात, पण तेव्हा अर्धाच रस्ता झालेला असतो.

आधी बघा बिल कुठे मांडलंय. साधं बिल लोकसभा किंवा राज्यसभा, कुठेही मांडता येतं. धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांबद्दलचं बिल, फक्त लोकसभेत, राज्यसभेला १४ दिवस मिळतात आणि तिच्या सूचना लोकसभेवर बंधनकारक नसतात.

मांडल्यावर बिल खासदारांच्या समितीकडे गेलं का ते नक्की बघा, सगळी बिलं जात नाहीत, पण गेलं तर समिती बऱ्याचदा जाहिरात देऊन लोकांकडून लेखी सूचना मागवते आणि आपल्यासारख्यांना बोलायची खरी संधी तिथेच असते, म्हणून मुदत चुकवू नका, कलम नंबर टाकून नेमकं काय बदलायला हवं ते लिहा. नुसतं "विरोध आहे" लिहून उपयोग नाही. मग कलमवार चर्चा, दुरुस्त्या, मतदान, आणि तेच सगळं परत दुसऱ्या सभागृहात.

भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालच्या बिलाचंच घ्या. लोकसभेत २७ डिसेंबर २०११ ला पास झालं, राज्यसभेत २९ तारखेला मध्यरात्रीपर्यंत चर्चा चालली पण मतदान झालंच नाही, मग मे २०१२ मध्ये प्रवर समितीकडे (खास त्या बिलासाठी नेमलेल्या खासदारांच्या समितीकडे) गेलं, शेवटी दुरुस्त्यांसह राज्यसभेत १७ डिसेंबर २०१३ ला मंजूर झालं, आणि दुरुस्त्या झाल्या म्हणून परत लोकसभेत यावं लागलं, ते दुसऱ्याच दिवशी झालं. तेव्हा लोकपालसाठी अण्णा हजारे राळेगणसिद्धीत उपोषणाला बसले होते. अजून काही महिने गेले असते तर लोकसभेची मुदत संपून बिलच बाद झालं असतं.

दोन्ही सभागृहांचं जमलंच नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात, पण अशी बिलं आजवर तीनच पास झालीत, १९६१ चं हुंडाबंदीचं, १९७८ आणि २००२ ची. घटनादुरुस्तीला ही सोय नाही.

राष्ट्रपतींची सही झाली तरी थांबा, राजपत्रात अंमलाची तारीख बघा. लोकपालवर सही १ जानेवारी २०१४ ची, लागू १६ जानेवारीला, आणि पहिले लोकपाल नेमले गेले थेट मार्च २०१९ मध्ये.

हे सगळं संसदेच्या वेबसाइटवर बिलाच्या नावाने शोधलं की तारखांसकट दिसतं.