इन्फेक्शियस डिसीजमध्ये करिअर करताय? या चुका टाळा

साथ आली की आयडी फिजिशियन (इन्फेक्शियस डिसीज म्हणजे संसर्गजन्य आजारांचा डॉक्टर) टीव्हीवर दिसतो, आणि तेवढंच बघून या ब्रँचला आलेले बरेच जण लवकरच हिरमुसतात, कारण रोजचं काम म्हणजे न उतरणारा ताप, ऑपरेशननंतर पू होणारी जखम, आयसीयूतला औषधांना दाद न देणारा क्लेबसिएला नावाचा जंतू. यात जीव रमत असेल तरच या, आणि मग मनापासून या.

सगळ्यात जास्त नडणारी चूक म्हणजे पेशंट सोडून रिपोर्टला औषध देणं. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय हा जंतू आला, पेशंटला ना जळजळ ना ताप, तरी अँटिबायोटिक सुरू! प्रेग्नन्सी, युरॉलॉजीची प्रोसिजर असे मोजके अपवाद सोडले तर त्याची गरज नसते. थुंकीतल्या कँडिडा या बुरशीचंही जवळपास तेच. पण ब्लड कल्चरच्या एका बाटलीत जरी स्टॅफ ऑरियस हा जंतू आला तर कंटॅमिनेशन (बाहेरून सॅम्पलमध्ये शिरलेला जंतू) म्हणून कधीच सोडू नका, कल्चर रिपीट करा, हृदयाचा इको करा, उगम शोधा, कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पिच्छा सोडू नका.

"ताप उतरत नाहीये, जरा स्ट्राँग काहीतरी लिहा" असा कॉल आला की फोनवरच मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक सांगून मोकळं होऊ नका. उठा, पेशंटपाशी जा, ड्रेसिंग उघडा, सलाइनची लाइन घातलेली जागा बघा, कुशीवर वळवून पाठ बघा. आत पू साठलाय तोवर औषध बदलून काही होत नाही, तो काढावाच लागतो. शिवाय औषधानेही ताप येतो, रक्ताच्या गुठळीनेही येतो.

ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी, मोठ्या माणसात किमान 2 सेट (बाटल्यांच्या जोड्या), बाटलीला 8 ते 10 मिली रक्त. थेंबभर रक्त पाठवून निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका. मात्र पेशंट शॉकमध्ये (बीपी कोसळलेलं) असेल तर कल्चरपायी औषध लांबवायचं नाही.

हिस्ट्रीत नुसतं "काम काय करता" विचारून भागत नाही, हातात नक्की काय येतं ते विचारा. जनावरांची वार (विल्यानंतर पडणारी) हाताळणाऱ्याला ब्रुसेला होऊ शकतो, क्यू फीवर होऊ शकतो, दोन्ही जनावरांकडून येणारे आजार, आणि हे तो आपणहून सांगणार नाही. ब्रुसेलाचा संशय असेल तर सॅम्पलसोबत लॅबला आधी कळवा, कारण कल्चर उघड्यावर हाताळलं तर तिथल्या माणसांना लागण होते.

स्वतःचं राहूनच जातं बघा. हेपॅटायटिस बीची लस घेतली असेल तरी अँटिबॉडी तपासून घ्या. आणि सुई टोचली तर लाजून गप्प बसू नका, एचआयव्हीची पीईपी (लागण टाळायला लगेच घ्यायची औषधं) काही तासांत सुरू व्हायला हवी, 72 तासांनंतर सहसा देत नाहीत.